बारा, सात, पाच

२१ मार्च २०२०ला, शनिवारी, मी पुण्याहून इचलकरंजीला घरी आलो तेव्हा सॅकमध्ये दोन टी-शर्ट आणि फोनचा चार्जर होता. रविवारी जनता कर्फ्यू, सोमवारी रात्रीच्या बसनं परत, असा हिशोब होता. तो हिशोब कसा चुकला हे तुम्हाला सांगायला नको, तुमचाही तेव्हा चुकलाच असेल. मी परत गेलो ते ऑक्टोबरमध्ये.

नोकरीला लागून दीडेक वर्ष झालं होतं. लॅपटॉप सीनियर लोकांना मिळायचे, आम्हाला ऑफिसात डेस्कटॉप. मॅनेजरनं फोनवर विचारलं, "घरी काही मशीन आहे का?" होतं. मी इंजिनिअरिंगला गेलो त्या वर्षी, २०१४च्या दिवाळीत, पप्पांच्या बोनसमध्ये आईच्या भिशीचे पैसे घालून असेंबल्ड पीसी घेतला होता. मी पुण्याला गेल्यापासून तो बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात, जुन्या साडीखाली झाकलेला होता. साडी काढली, फोन यूएसबी केबलनं जोडून नेट घेतलं, ऑफिसच्या मशीनला रिमोट लॉगिन केलं आणि कामाला लागलो.

आमचा क्लायंट अमेरिकेतला. कॉल रात्री साडेनऊनंतर. पहिल्याच रात्री आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "ते काय घुमायलंय रं?"

घुमत होता तो कॅबिनेटच्या मागचा पंखा. ऐंशी मिलिमीटरचा, काळा, सात पात्यांचा. कॉलवरच्या एका बाईंनीही सौम्यपणे विचारलं होतं, तू विमानतळावर आहेस का?

आता, हा प्रश्न आमच्या घरात, आमच्या गल्लीत कुणी विचारावा, हीच मुळात नवी गोष्ट होती.

*

आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना कारखाने आहेत आणि समोर एक. इचलकरंजीत कारखाना म्हटलं की यंत्रमागाचं पत्र्याचं शेड. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार घोरपड्यांनी त्यांना बळ दिलं, आणि गाव पुढं महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं, असा निबंध आम्ही सगळ्यांनी शाळेत लिहिलेला आहे. आवाजाबद्दल त्या निबंधात एक ओळही नसायची. साध्या मागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, तिथं आपटून थांबतो, परत फेकला जातो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. असे वीस-चोवीस माग एका शेडात, आणि अशी शेडं गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. दिवसपाळी, रातपाळी.

आम्ही त्या आवाजात जन्मलो, त्यातच अभ्यास केला, त्यातच झोपलो. पुण्याच्या मावशीकडं सुट्टीत गेलो की पहिल्या रात्री मला झोप यायची नाही, कारण तिथं फार शांत असायचं. उलट मावशी आमच्याकडं आली की सकाळी डोळे लाल करून उठायची आणि विचारायची, "तुम्ही माणसं आहात का काय?"

माझे पप्पा अठराव्या वर्षी मागावर उभे राहिले. आधी माग चालवायचे, मीटरवर मजुरी. नंतर हातात कसब आलं तसे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. सगळे मिळून तीस वर्षं. जॉबरचं निम्मं काम कानानं चालतं. चोवीस मागांच्या खडखडाटात पप्पा दारातून आत येतानाच सांगायचे, "सात नंबरचा जरा येगळा वाजतोय." जाऊन बघावं तर खरंच तिथं काहीतरी ढिलं झालेलं असायचं. आणि हेच पप्पा घरी आले की दाराची कडी वाजलेली त्यांना कळायची नाही. कुकरच्या शिट्ट्या आई मोजायची, कारण पप्पांना मोजायला सांगितलं तर डाळ करपायची. आम्ही हसायचो. आमच्या ओळखीतल्या सगळ्याच मागवाल्यांच्या घरी असंच होतं, त्यामुळं त्यात काळजी करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

लॉकडाऊन लागला आणि गाव बंद पडलं. दिवाळीतही माग चार दिवस बंद असतात, पण तेव्हा फटाके असतात. हे तसं नव्हतं. रात्री दहा वाजता गल्लीतून चालणाऱ्या कुत्र्याच्या नखांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. माग बंद म्हणजे मजुरीही बंद, त्यामुळं त्या शांततेचं कौतुक करायची कुणाची परिस्थिती नव्हती. माझा पगार चालू होता, घर त्यावर चाललं होतं, आणि मला काम करता यावं म्हणून पप्पा दिवसभर दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचे. वरचा छताचा पंखा फिरायचा, त्याची सवय होती. बाकी सगळं गप्प. आणि त्यात हा ऐंशी मिलिमीटरचा पंखा, एखाद्या मोठ्या भुंग्यासारखा.

*

सॉफ्टवेअरवाला माणूस आधी सॉफ्टवेअरनंच बघतो. मी बायोसमध्ये शिरलो, तिथं फक्त सीपीयूवरचा पंखा दिसत होता. स्पीडफॅन नावाचा जुना प्रोग्राम उतरवून बघितला, त्यालाही हा पंखा दिसेना. मग कॅबिनेट उघडलं तेव्हा कारण कळलं. या पंख्याची वायर मदरबोर्डला गेलेलीच नव्हती. ती थेट एसएमपीएसमधून येणाऱ्या मोलेक्स कनेक्टरला जोडलेली होती, चार पिनांचा तो पांढरा कनेक्टर. म्हणजे कॉम्प्युटरला हा पंखा आपल्याला आहे हेच माहीत नव्हतं. बटण दाबलं की त्याला १२ व्होल्ट मिळायचे आणि तो जिवाच्या आकांतानं फिरत राहायचा.

आत सुताची रुई इतकी साचली होती की उशी भरता आली असती. ब्रशनं ती काढली. हवा मोकळी झाली, पण आवाज तेवढाच राहिला.

मोलेक्सच्या चार वायरी अशा असतात: एक पिवळी, एक लाल, दोन काळ्या. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, काळ्या म्हणजे शून्य. पंख्याला फक्त दोन टोकं, अधिक आणि उणे. अधिक पिवळीला आणि उणे काळीला लावलं तर १२ व्होल्ट. अधिक लालला आणि उणे काळीला, तर ५. आणि अधिक पिवळीला, पण उणे काळीऐवजी लालला लावलं, तर पंख्याला मिळतात बारा वजा पाच, म्हणजे ७ व्होल्ट. पंख्याला शून्य कुठं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त दोन टोकांमधला फरक कळतो. हे बारावीत भौतिकशास्त्रात शिकलो होतो, मार्कही मिळाले होते, पण हाताला पहिल्यांदा तेव्हा लागलं.

व्होल्टेज कमी केलं की या पंख्यांचा वेग साधारण त्याच प्रमाणात उतरतो. आवाज मात्र त्याहून खूप जास्त उतरतो. ढोबळ हिशोब असा की वेग निम्मा झाला की वारा निम्मा होतो, पण आवाज १५ डेसिबलनं कमी होतो, आणि १० डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. सौदा एकदम फायद्याचा होता.

दुकानं बंद होती. घरात खिळ्या-स्क्रूंचा जो पत्र्याचा डबा असतो, त्यात मला बॅकेलाइटचे दोन जुने टू-वे स्विच सापडले. जिन्यात खाली-वर दोन्हीकडून दिवा लावता यावा म्हणून बसवतात ते. प्रत्येकाला मागं तीन स्क्रू: मधला सामाईक, बाजूचे दोन. मी पंख्याचं अधिक टोक पहिल्या स्विचच्या मधल्या स्क्रूला लावलं, त्याच्या बाजूंना पिवळी आणि लाल. उणे टोक दुसऱ्याच्या मधल्या स्क्रूला, त्याच्या बाजूंना काळी आणि लाल. झालं. दोन खटके, त्यांच्या चार जोड्या: बारा, सात, पाच आणि शून्य. शून्य मला आवडलं होतं, कारण तेव्हा पंख्याची दोन्ही टोकं लाल वायरीलाच असतात. दोन्हीकडं ५ व्होल्ट आहेत, पण फरक नाही, म्हणून पंखा थांबतो. सोल्डर लागलं नाही, पक्कड, ब्लेड आणि टेप पुरली.

कुणी हे करून बघणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे ७ व्होल्टच्या जोडणीत पंख्यातला करंट परत लाल वायरीत शिरतो. त्या ५ व्होल्टच्या लाइनवर बाकीच्या भागांचा वापर पंख्यापेक्षा जास्त असेल तरच हे नीट चालतं, आणि पंखा आतून शॉर्ट झाला तर हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट येऊ शकतात. दुसरी म्हणजे स्विच असा हवा की एक बाजू पूर्ण सुटल्यावरच दुसरी लागेल, नाहीतर खटका मारताना पिवळी आणि लाल क्षणभर एकमेकींना भिडतील. माझ्याकडं हे सगळं जळालं असतं तर नोकरीच थांबली असती. तेवीस वर्षांचा होतो, केलं.

पप्पा दारातून बघत होते. "काय करायलास?"

"पंख्याचा आवाज कमी करायलोय."

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. जवळ आले, खाली बसले, दोन्ही स्विच खाली-वर करून बघितले आणि प्रत्येक वेळी तळहात कॅबिनेटवर ठेवला. ५ व्होल्टवर पंखा उभ्या अवस्थेतून सुरूच होत नव्हता, बोटानं ढकलला की फिरायचा. म्हणून आधी बारावर सुरू करून मग पाचवर आणावा लागायचा. हे मी सांगायच्या आधीच त्यांना सापडलं होतं. "गार गाडीला धक्का लागतोयच की," म्हणाले.

दोन स्विच एका प्लायवुडच्या तुकड्यावर बसवून मी तो कॅबिनेटच्या बाजूला चिकटवला, मार्करनं प्रत्येक जोडीपुढं आकडे लिहिले आणि त्या रात्री पंखा पाचवर ठेवून कॉल घेतला. विमानतळ बंद झालं होतं. आतून आईच्या घोरण्याचा आवाज आला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला.

*

सकाळी उठलो तर पंखा बारावर.

वाटलं, मीच विसरलो असेन. दुसऱ्या रात्री नक्की पाचवर ठेवून झोपलो. सकाळी परत बारावर. आईला विचारलं, तर म्हणाली, मी कशाला हात लावू त्या लाकडाला, करंट बसायचा.

मग मी, शिक्षणाला साजेसं, डीबगिंग सुरू केलं. स्प्रिंग ढिली झाली असेल आणि खटका आपोआप पडत असेल, म्हणून स्विच बदलून बघितले. पडत नव्हते. मशीन रात्रभर चालू असायचं, कारण रात्री नेट जरा बरं मिळायचं आणि मोठी डाउनलोड मी तेव्हाच लावायचो. पण पंखा कॉम्प्युटरला दिसतच नाही, तर त्याची नोंद कशी ठेवणार? मग लक्षात आलं की पंखा दिसत नसला तरी त्याचा परिणाम दिसतो. हार्ड डिस्कला स्वतःचं तापमान कळतं. दर मिनिटाला ते तापमान फाइलीत लिहिणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि झोपलो.

सकाळी फाइल उघडली. रात्रभर ४७ अंश, ४७, ४७. दोन वाजून दहा मिनिटांनी ४६. मग ४५, ४४, आणि तीनच्या आसपास ४२ वर येऊन स्थिर. दुसऱ्या रात्री तेच, पावणेदोनला. तिसऱ्या रात्री सव्वादोनला.

चौथ्या रात्री मी जागा राहिलो. म्हणजे डोळे मिटून पडून राहिलो. मी भिंतीकडं, पप्पा कॅबिनेटच्या बाजूला, आमची अंथरुणं शेजारी-शेजारी. दोनच्या सुमाराला ते उठून बसले. बराच वेळ नुसते बसले. दोन्ही हातांनी कानशिलं दाबली, सोडली, परत दाबली. मग अंधारातच चाचपत हात नेऊन एक खटका वर केला, एक खाली. पंखा बारावर गेला. अंथरूण जरा सरकवून, डोकं कॅबिनेटजवळ आणून, ते आडवे झाले. एक हात पत्र्यावर.

"पप्पा."

ऐकू गेलं नाही. मी उठून खांद्याला हात लावला तेव्हा दचकले, आणि चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "तुला तरास हुतोय व्हय? बारीक करतो."

"नाही, नाही. तुम्ही का मोठा करताय पण?"

ते लगेच बोलले नाहीत. मग हातानंच कानाकडं खूण केली. "आत वाजतंय."

"काय?"

"रातकिडा असतोय न्हवं, तसं. लई बारीक, धार लावल्यागत. थांबतच न्हाई." आणि मग, "ह्ये चालू असलं की त्ये जरा मागं जातंय."

मी विचारलं, कधीपासून? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या आधीपासून, म्हणाले. म्हणजे वीस वर्षांपेक्षा जास्त.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? सगळ्यांचंच वाजतंय. माग चालू असले की कळत न्हाई. दिवसा कारखान्यात, रातीला ह्या शेजारच्यांचे." त्यांनी भिंतीकडं बोट केलं, जिच्या पलीकडं चोवीस माग बंद पडले होते. "आता समदं गप झालं, आन् हे एकटंच ऱ्हायलं."

"वरचा पंखा आहे की."

"त्येचा आवाज वर ऱ्हातोय. ह्येचा कानाशी येतोय."

बाहेर कुत्रं भुंकलं, बहुतेक. ते मला ऐकू आलं, त्यांना नाही.

*

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसलो. कानात असं वाजण्याला टिनिटस म्हणतात हे तेव्हा कळलं. आतल्या कानात आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणाऱ्या केसासारख्या पेशी असतात. वर्षानुवर्षं मोठा आवाज सोसला की त्या मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. सगळ्यात आधी जातात त्या उंच पट्टीच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. कानाकडून येणारं कमी झालं की मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत राहतो, असं आज बरेच जण मानतात. आजूबाजूला दुसरा आवाज असला की ते झाकलं जातं, शांततेत उघडं पडतं.

पुढच्या वर्षी जानेवारीत मी त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून आलेख काढला. २५० आणि ५०० हर्ट्झला रेघ बऱ्यापैकी वर होती. ४०००ला सरळ खड्डा. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "इचलकरंजी का?"

आलेख घरी आणून मी टेबलावर पसरला तेव्हा आमच्या घरातली कित्येक भांडणं त्यात दिसायला लागली. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, ट यांचा बराचसा भाग त्या खड्ड्यात पडतो. म्हणजे पप्पांना आपण बोलतोय हे ऐकू यायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही. आम्ही ओरडायचो. ते वैतागून म्हणायचे, "वरडू नको, नीट बोल." आम्हाला वाटायचं, उगाच खुसपट काढतात. बहिणीचा बारीक आवाज त्यांना सगळ्यात कमी कळायचा. ती लहानपणापासून म्हणायची, पप्पा माझ्याशी बोलतच नाहीत.

आणि पंखा? ऐंशी मिलिमीटरचा हा पंखा १२ व्होल्टला मिनिटाला साधारण २५०० फेरे मारतो. पाती सात. म्हणजे सेकंदाला २९० च्या आसपास पाती एका जागेवरून जातात, आणि घुमतं ते त्याच पट्टीत. त्यांच्या आलेखावर ती जागा खड्ड्याच्या बरीच अलीकडं होती. जो आवाज ऐकून मला चीड यायची, तो घरातल्या मोजक्या आवाजांपैकी एक होता जो त्यांना पूर्ण ऐकू यायचा. मी कुणालाही न विचारता तो पाचवर आणून ठेवला होता. आईला विचारलं होतं, क्लायंटचा विचार केला होता, हार्ड डिस्कचं तापमानसुद्धा बघितलं होतं. पंख्यापासून दोन हातांवर झोपणाऱ्या माणसाला विचारलं नव्हतं, कारण माझ्या हिशोबात त्याला ऐकूच येत नव्हतं.

कायदा वाचला तेव्हा जास्त राग आला. आवाजामुळं येणारं बहिरेपण हा तेव्हा १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार होता, म्हणजे सरकारला कळवणं सक्तीचं असलेला. पण कामगारांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर असेल तरच तो कायदा लागायचा. आमच्या गल्लीतल्या शेडात एका पाळीला पाच-सहा माणसं असतात. पप्पांचा हा आजार कुठल्याही रजिस्टरात नाही. त्याची एकमेव नोंद म्हणजे मिरजेचा तो आलेख आणि माझ्याकडची तापमानाची फाइल.

*

पंख्याचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण सौदा आम्ही त्याच आठवड्यात केला. आईला पाच हवा होता, पप्पांना बारा. दोन रात्री सातवर ठेवून बघितला. आईनं आतलं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, चालतंय. पप्पांनी अंथरुणाची दिशा फिरवली, म्हणजे उजवा कान, जो जास्त वाजतो, तो कॅबिनेटकडं. हार्ड डिस्क ४४ अंशांवर थांबली. कॉलच्या वेळी पाच, मी झोपताना सात, आणि एखाद्या रात्री फारच वाजायला लागलं तर पप्पा बारावर न्यायचे. त्यासाठी कुणाला विचारायचं नाही, असं ठरलं. स्विचचा बोर्ड मी कॅबिनेटवरून काढून भिंतीवर लावला, झोपल्या जागेवरून त्यांचा हात पोचेल असा.

जूनच्या आसपास आमच्या भागातले माग हळूहळू सुरू झाले. ज्या दिवशी भिंतीपलीकडचा पहिला माग सुरू झाला त्या दिवशी पप्पा कट्ट्यावरून उठून आत आले. चेहऱ्यावर असा सैलपणा होता जो मी दोन महिन्यांत बघितला नव्हता. मला काय वाटावं ते मला कळेना. मजुरी सुरू होणार होती. रात्री झोप लागणार होती. आणि ज्यानं कान गेले होते त्याच्याकडंच ते परत निघाले होते.

मी फोमचे इअरप्लग मागवले, पन्नास जोड्यांचा डबा. पप्पांनी दोन दिवस घातले आणि तिसऱ्या दिवशी डबा परत आणला. "ह्ये घातल्यावर माग कसा वाजतोय ते कळत न्हाई," म्हणाले. मी चिडलो, आलेख दाखवला, ४००० हर्ट्झ समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "जॉबरला माग ऐकू आला न्हाई तर त्येला कोण ठेवून घील?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. आता माग दुरुस्त करताना काढतात, बाकी वेळ एका कानात घालतात. इतपत मी त्यांना आणू शकलो. कानाचं मशीनही घेतलं. ते लग्नाला जाताना आणि बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की लावतात. बहीण म्हणते, आता पप्पा बोलतात.

पीसी कधीच बाद झाला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क काढून मी पुण्याला आणली. पण एसएमपीएस ठीक आहे. त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. लाल वायरीवर दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तिथं पंख्यापेक्षा बराच जास्त करंट खाणारा एक मोठा रेझिस्टर लावून दिला, नाहीतर सात व्होल्टचा खेळ बिघडला असता. कॅबिनेट आतून जवळजवळ रिकामं आहे, नुसता एसएमपीएस, रेझिस्टर आणि मागं पंखा. तरी आई रोज त्याच्यावरची धूळ पुसते. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, कॉम्प्युटर चालू आहे.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. पंखा खरखर करायला लागलाय, बेअरिंग गेलं असेल, नवीन पाठव. मी ऑफिसात जेवता जेवता मोबाइलवर शोधायला लागलो. ऐंशी मिलिमीटरचे शेकडो पंखे आहेत आणि प्रत्येकाच्या नावात सायलेंट, अल्ट्रा सायलेंट, व्हिस्पर असं काहीतरी आहे. आवाज कमीत कमी असलेला आधी, अशी यादी लावता येते. जास्त असलेला आधी, अशी लावता येत नाही. मी शेवटच्या पानांवर जाऊन एकेकाचे डेसिबल बघत बसलो.

संध्याकाळी पप्पांना व्हिडिओ कॉल केला, कानाचं मशीन लावायला सांगितलं आणि विचारलं, कसा हवा?

"साधाच बघ," म्हणाले. "लई गप बसणारा नगं."